घराचं तास

परवा गावी गेलो होतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात आमची सात एकर कोरडवाहू आहे. वहिनीनं बाजारातून मूगडाळीसोबत अंबाडीची जुडी विकत आणलेली पाहिली, आणि तेव्हापासून मनाला चैन नाही. शेतकऱ्याच्या घरात अंबाडी विकत!

आमच्या लहानपणी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, आठ-दहा तासांनंतर तुरीचं एक तास, म्हणजे एक ओळ, असायचंच. पेरताना सरत्यावर, म्हणजे बी सोडायच्या नळीवर, माय असायची. तिच्या ओटीत तुरीसोबत मूग, बरबटी (चवळी), अंबाडी, सगळं मिसळलेलं. धुऱ्याला तीळ. बाबा म्हणायचे, "हे घराचं तास, हे इकाचं नाई." पोळ्याच्या आसपास मूग घरात यायचा. अंबाडीची भाजी आधी, मग तिच्याच वाकाचे, म्हणजे सालीच्या धाग्याचे, बैलांना दोर. दिवाळीनंतर तुरीचे सोले, पुढे डाळ जात्यावर भरडायची, कुटार गाईला, तुऱ्हाटी चुलीला. एका तासातून किती काय निघायचं! आणि बियाणं मायच्या ताब्यात, राखेत घोळून मडक्यात. त्या मडक्याला बाबासुद्धा हात लावत नसत.

लोक म्हणतात, परवडत नाही म्हणून हे गेलं. मला पटत नाही. २००२ मध्ये बीटी कापसाचं बियाणं आलं, पाठोपाठ सोयाबीन वाढलं, शेतात एकच पीक उभं राहायला लागलं. निंदणाला बाया मिळेनात म्हणून तणनाशक आलं, आणि त्या फवाऱ्याखाली तणासोबत अंबाडीही जळते. ज्वारी तर रोही (नीलगायी) आणि डुकरांनीच संपवली. भाऊ आळशी नाही, रात्र-रात्र जागलीला, म्हणजे पिकाच्या राखणीला, जातो. पण घरच्या डाळीचा हिशोब कोणी मांडतच नाही. कापसाचे क्विंटल मोजतात, पातेल्यातलं वरण कोण मोजतं? २०२४ मध्ये तूरडाळ किलोला दीडशेच्या वर गेली तेव्हा तुरीच्या मुलखातली माणसं ती पाव-पाव किलो आणत होती.

२०२३ मध्ये आमच्याकडच्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना रेशनच्या धान्याऐवजी महिन्याला माणशी १५० रुपये ठरले. धान्य पिकवणाऱ्याला धान्य विकत घ्यायला पैसे! त्यापेक्षा शेताला कुंपण द्या, ज्वारी आम्ही पेरतो. माझी एवढीच मागणी आहे, आणि ती मला फार रास्त वाटते.

भावाला म्हटलं, यंदा चार तासं घराची ठेव, त्यात फवारा मारू नको, निंदायला मी येतो. तो म्हणाला, "अन् जागलीले कोन जाईन?" शनिवार-रविवार मी जाईन, असा शब्द दिलाय. वहिनी लगेच जुनं मडकं शोधायला उठली.

बरबटीचं बियाणं शेजारच्या गावातल्या मावशीकडे मिळालं, पसाभर. अंबाडीचंही मिळेल. गावरान मुगाचं मात्र अजून सापडलं नाही. यवतमाळ-वाशीमकडे कोणाच्या घरी असेल तर कृपया कळवा, मी स्वतः येऊन नेईन.