‘आठवड्यात चेहरा पूर्ववत’ : आक्षेपाला उत्तर

नमस्कार ताई,

तुमची तक्रार थोडक्यात अशी : धाकट्या भावाने मुरमांच्या खड्ड्यांसाठी फेब्रुवारीअखेर फ्रॅक्शनल सीओटू लेसरचं एक सिटिंग घेतलं. सहा दिवसांत खपल्या पडल्या, चेहरा छान दिसला आणि मार्च सरता सरता दोन्ही गाल काळवंडले. लेसरनंतर ‘आठवड्यात चेहरा पूर्ववत’ हे माझ्या लेखातलं वाक्य एसीत बसणाऱ्यांसाठी, सोलापुरात होटगी रोडवर दिवसभर गाडी हाणणाऱ्याचं काय? लेसर म्हणजे लूट, असं सरळ का लिहीत नाही?

पहिला आक्षेप मान्य. आठवड्यात भरते ती जखम. रंग बसायला महिने लागतात, आणि हे मूळ लेखात यायला हवं होतं.

या लेसरचा किरण 10,600 नॅनोमीटरचा. तो त्वचेतल्या पाण्यात शोषला जातो आणि कातडीत केसाएवढ्या जाडीचे भाजलेले खांब तयार होतात. मधली कातडी शाबूत राहते, तिच्या जोरावर जखम लवकर भरते. पण आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीतल्या रंगपेशी कुठल्याही दाहाला जास्त रंग तयार करून उत्तर देतात. हा काळेपणा बहुधा दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात उमटतो, म्हणजे सगळं निभावलं असं वाटत असतानाच. त्यात सोलापूरचा मार्च. त्यामुळे इथे सिटिंगची वेळ दिवाळीनंतरची. तेही गड्ड्याची, म्हणजे संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वर यात्रेची, तारीख बघून, कारण खपल्या पडल्यावर पंधरा दिवसांच्या आत नंदीध्वजांच्या मिरवणुकीत भरदुपारी उभं राहिलात तर फेब्रुवारीत घेतल्यासारखंच.

डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा : डेन्सिटी किती ठेवणार? एका सिटिंगला किती टक्के कातडी भाजायची, तो हा आकडा. काळवंडण्याचा धोका याच आकड्याबरोबर झपाट्याने वाढतो. आपल्या रंगाला डेन्सिटी कमी ठेवून चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने जास्त सिटिंग बरी. आधी कानाजवळ छोटा टेस्ट पॅच घेऊन चार आठवडे थांबावं. तो न घेताच सहा सिटिंगचं पॅकेज आगाऊ गळ्यात मारतात, त्याला मात्र लूट म्हणायला माझी हरकत नाही.

गाडीचं म्हणाल, तर खपल्या असेपर्यंत दिवसा गाडी नकोच. ऊन तर आहेच, शिवाय घट्ट बांधलेला रुमाल आणि हेल्मेटचा पट्टा खपली घासून काढतात आणि तिथेच डाग राहतो. नंतर एसपीएफ 30च्या वरचं सनस्क्रीन, दोन बोटांच्या लांबीएवढं, बाहेर असेपर्यंत दर दोन तासांनी. आयर्न ऑक्साइड असलेलं, किंचित रंगीत घ्या. साध्या उजेडानेही रंग चढतो, आणि पांढरं सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही.

आता तुम्ही सहज लिहून गेलात ती गोष्ट : ‘मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबने आधी फरक पडला होता.’ मला लेसरपेक्षा तिची काळजी जास्त वाटते. ट्यूबवर मोमेटासोन, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन ही तीन नावं असतील तर त्यात स्टेरॉइड आहे. आधी चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाली येते, मुरमं उसळतात. आणि महिनोन्‌महिने लावली असेल तर एकदम बंद करूनही भडका उडतो. ट्यूब खिशात घालून त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, कमी कशी करायची ते तेच सांगतील. काळ्या डागावर लगेच दुसरं लेसर मारू देऊ नका. लिंबू, हळदही नको.

खड्डे ‘पूर्ण जातील’ असं कुणी सांगितलं असेल तर ते चुकीचं. निम्म्याने भरले तरी निकाल चांगला म्हणायचा, आणि तोही तीन ते सहा महिन्यांनी पाहायचा, कारण कोलाजन, म्हणजे कातडीला भरीवपणा देणारं प्रथिन, हळूहळू बनतं. सुईच्या टोकासारखे खोल खड्डे नुसत्या लेसरला दाद देत नाहीत. त्यांना टीसीए क्रॉस लागतं, म्हणजे तीव्र आम्लाचा ठिपका नेमका खड्ड्यात. लाटांसारख्या उथळ खड्ड्यांना सबसिजन, सुईने आतले ओढून धरणारे धागे सोडवणं. भावाचे खड्डे कुठल्या जातीचे आहेत, हे पहिल्या सिटिंगआधी कुणी सांगितलं होतं का?

पुढचं सिटिंग घेतलंच, तर तोंडावर कधी हर्पीसच्या, म्हणजे ताप आल्यावर ओठांजवळ उठतात तशा, पुळ्या येत असतील तर आधीच सांगा, त्या विषाणूवरच्या गोळ्या आदल्या दिवसापासून सुरू कराव्या लागतात. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, पिवळा स्राव आला किंवा फोडांचा घोस दिसला, तर सोमवारची वाट न बघता त्याच दिवशी फोन करायचा.