उठा, इथे आम्ही बसतो

आज आईला बाकावरून उठवलं. देवळात, रविवारच्या उपासनेला. चर्चचं नाव लिहीत नाही, जे तिथे जातात त्यांना कळेलच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, घर बदललंय आमचं, आता सिंहगड रोडला. जुनी मंडळी, म्हणजे आमचं आधीचं चर्च, पिंपरीच्या बाजूला, आईच्या गुडघ्यांना दर रविवारी तेवढं झेपत नाही, म्हणून आई, मी आणि लेक अशा तिघी पावसाळ्यापासून चर्चं बघत फिरतोय. तर आज आई पुढून तिसऱ्या बाकावर बसली, भिंतीकडेला, टेकायला बरं पडतं म्हणून. चष्मा चढवला, उपासना संगीत हे गीतांचं पुस्तक काढलं (तिचं स्वतःचं, खाकी कव्हर घातलेलं), पिशवी पायाशी. तेवढ्यात एक बाई आल्या आणि म्हणाल्या, "इथे आम्ही बसतो." बाक अर्धं रिकामं होतं हो! आई "बरं बाई" म्हणून उठली, काठी घ्यायला वाकली तर पुस्तक पडलं, आतल्या चिठ्ठ्या पसरल्या, आणि मागेपुढे बसलेल्यांपैकी एकाच्या तोंडून "असू द्या आजी, बसा" निघालं नाही. सगळे एकदम वर्गणीचं पाकीट शोधायला लागले.

पुढे संदेश होता शेजाऱ्यावर प्रीती करण्याबद्दल. मी ऐकलाच नाही. याकोबाच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात अगदी हेच लिहिलंय ना, सोन्याची अंगठी घालून आलेल्याला चांगली जागा आणि गरिबाला "तू तिथे उभा राहा". आपण शब्बाथशाळेत असताना पाठ केलंय हे सगळ्यांनी.

आशीर्वाद झाल्यावर चहा. कमिटीतले एक साहेब आमच्याकडे आले, मला वाटलं आईची माफी मागायला आले. तर आडनाव काय, मूळ गाव कुठलं, नगर म्हणजे शहर की तालुका, मिस्टर कुठे असतात, आधीची मंडळी कुठली, तिथला सभासदत्वाचा दाखला आणलाय का. स्थळ बघायला आल्यासारखं चाललं होतं. आणि शेवटी, "तुमच्याकडचे अजून कोणी येतात का इथे?" हे कशासाठी विचारतात ते आपल्यातल्या कोणाला सांगायला नको. चार पिढ्या झाल्या बाप्तिस्म्याला, तरी आडनावावरून जात चाचपणं सुटत नाही. आणि वर आपणच सगळीकडे सांगत फिरतो की ख्रिस्तात सगळे सारखे.

बरं, दाखला लागतो, मान्य. लग्न, बाप्तिस्मा, दफनभूमी, सगळं रजिस्टरवर चालतं. कमिटीच्या निवडणुका असतात, जमिनींच्या केसेस असतात, त्यामुळे नवीन माणूस दिसला की यांना आधी नवीन मत दिसतं. कळतं मला. पण आधी बसू तर द्या ना म्हातारीला.

मध्ये एकदा मैत्रिणीबरोबर क्वार्टर गेटच्या सिटी चर्चला मिस्साला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, गेलो होतो. आपण कॅथलिक नाही, त्यामुळे प्रभुभोजन मिळणार नव्हतं, आई हात जोडून जागेवरच बसून राहिली, ते मला जरा लागलं. पण आम्ही आत शिरलो तेव्हा बाकावरच्या एक मावशी काही न बोलता सरकल्या आणि त्यांनी आईची काठी आपल्या बाजूला नीट टेकवून ठेवली, बस एवढंच. त्या चर्चला १७९२ साली सवाई माधवरावांच्या काळात पेशव्यांनी जमीन दिली, फौजेतल्या ख्रिस्ती लोकांसाठी. पेशव्यांनी जमीन दिली, आणि आमच्याच लोकांना आईसाठी वीतभर बाक सुटेना!

चहाचंही तेच. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे वगैरेंनी मिशनऱ्यांकडे चहा घेतला म्हणून केवढं ग्रामण्य झालं पुण्यात, बहिष्काराचा वाद, प्रायश्चित्तापर्यंत गेलं. आपण हा किस्सा किती मिटक्या मारत सांगतो, बघा कसे होते ते लोक म्हणून. आणि आज आमच्या हातात कप देऊन जात काढत होते त्याचं काय?

लेकीला ते हॉलमधलं नवीन चर्च आवडलं, ड्रम, स्क्रीन, गळ्यात कार्ड घातलेली हसरी पोरं. प्रेमानं वागतात, खोटं कशाला बोलू, आईला खुर्ची त्यांनीच आणून दिली. पण अर्धा तास उभं राहून गायचं, तेही हिंदी-इंग्रजीत, आणि घरी पोचायच्या आत व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये ॲड. आईला नारायण वामन टिळकांचं एखादं पद मिळालं नाही तर तिचा रविवार होत नाही. ती तिथे टाळ्या वाजवत होती बिचारी, लोक वाजवतात म्हणून.

मगाशी जेवताना तिला म्हटलं, पाळकसाहेबांना फोन करते, सोडत नाही. तर म्हणाली, "राहू दे गं, त्या बाईचा नवरा बसत असेल तिथे, गेला असेल." मी काय बोलणार यावर. असेलही तसं. मग सांगायचं ना बाई, आईनं तुझा हात धरून शेजारी बसवून घेतलं असतं तुला. तिच्याही बाजूची जागा रिकामीच आहे की, बाबा गेल्यापासून.

फोन मात्र मी करणार आहे, उद्या. त्या बाईंबद्दल नाही, चहाच्या वेळच्या त्या साहेबांबद्दल.

आणि वडगाव, धायरी, वारजे, कोथरूड या बाजूला मराठी उपासना कुठे असते ते कोणाला माहीत असेल तर सांगा. वेळ सांगा, पायऱ्या किती आहेत ते सांगा, रिक्षा दारापर्यंत जाते का तेही. पाळक कसे बोलतात ते नाही सांगितलं तरी चालेल.