पेशींची ‘आत्महत्या’ आणि एकवीस दिवसांचा काढा

पुण्यात तळजाईच्या टेकडीवर फिरायला जाणाऱ्या आमच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: ‘हार्ट अटॅक ब्लॉकेजमुळे नाही, हृदयातल्या पेशी आत्महत्या करतात म्हणून येतो. अँजिओप्लास्टीने उलट जास्त पेशी मरतात. आमचा काढा एकवीस दिवस घ्या, आत्महत्या थांबेल.’ काल एका काकांनी टेकडीवरच गाठलं. “तू लॅबमध्ये असतेस ना? मग गोळ्या बंद करू का?”

नका करू, काका.

पेशी ठरवून मरतात, हे खरंच आहे. 1972 साली केर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी त्याला अपॉप्टोसिस हे नाव दिलं. गर्भात बोटांमधला पडदा जातो तो यामुळेच. स्लाइडवर अशी पेशी सुटी सापडते: आक्रसलेली, केंद्रकाचे गडद ठिपके झालेले, आसपास सूज नाही. शेजारणीला पत्ताही नसतो. अटॅकनंतर काही दिवसांनी गेलेल्या माणसाच्या हृदयाची स्लाइड बघा. पट्टेच्या पट्टे गुलाबी, केंद्रकं पुसलेली, मधे पांढऱ्या पेशींची झुंबड. रक्तपुरवठा तुटला म्हणून हृदयाच्या पेशी फुटल्या. अटॅकच्या रक्ततपासणीत ट्रोपोनिन वाढतं ते पेशींच्या आतलं हे प्रथिन असं रक्तात सांडल्यामुळे. कडेला अपॉप्टोसिसही दिसतो, पण रक्त अडवणारी गुठळी आधीची. तिला सोडून पेशींना धरणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

अपॉप्टोसिस खरा भोवतो तो हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे हृदय हळूहळू कमजोर होत जातं तेव्हा. थकलेल्या हृदयात एका वेळी हजारात एखाद-दोन पेशीच अशा मरताना दिसतात, पण हे वर्षानुवर्षं चालतं. आणि भरपाई? अणुचाचण्यांमुळे हवेत पसरलेल्या कार्बन-14 चं पेशींतलं प्रमाण मोजून, त्यावरून पेशींचं वय काढून 2009 मध्ये हिशेब लागला: पंचविशीत वर्षाला जेमतेम 1 टक्का पेशी नव्या, पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहून कमी.

अँजिओप्लास्टीचा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणूनच जास्त घातक. रक्त अचानक परतलं की काही पेशी त्या धक्क्यानेही मरतात. पण नळी बंदच राहिली तर त्या भागातल्या बहुतेक जातात. दोन दिवसांनी पाणी आलं की नळाला आधी गढूळ येतं. म्हणून कोणी नळ बंद ठेवतं का?

राहिला काढा. हाच परतीचा धक्का सौम्य करायला सायक्लोस्पोरिन हे औषध 900हून अधिक रुग्णांना घेऊन तपासलं गेलं. 2015 मध्ये निकाल आला: फायदा नाही. काढ्याच्या अशा चाचणीचा मेसेजमध्ये उल्लेख नाही. तळाशी फोन नंबर मात्र आहे, पुणे-पिंपरीत होम डिलिव्हरी फुकट.