तोंडाला फेस

मुंबईत दुसऱ्याच्या केसांवर बोलायला ओळख लागत नाही. लेडीज डब्यात फोर्थ सीटवर अर्धीमुर्धी टेकलेली कोणीही बाई आधी माझ्या डोक्याकडे बघते, मग माझ्याकडे, आणि अंधेरी यायच्या आत विचारते, "खोबरेल लावत नाहीस का गं?" लावते. लहानपणापासून लावते. "मग स्मूदनिंग करून घे." हा सल्ला देणारीचे केस नेहमी सरळसोट असतात, हे मी आता गृहीतच धरते.

माझ्या केसांना कुरळे म्हणणं हे सौजन्य झालं. पेन्सिलीवर गुंडाळून सोडावीत अशी बारीक वेटोळी आहेत ती. ओली असताना खांद्यापर्यंत, वाळली की कानाच्या वर. सरळ केसावरून टाळूचं तेल आरामात शेवटापर्यंत उतरतं; माझ्याकडे ते घोडबंदर रोडवरच्या गाड्यांसारखं वळणावळणावर अडकतं. त्यामुळे मुळाशी चिकट आणि टोकं ठणठणीत कोरडी. त्यात साधा शाम्पू लावला की होतं नव्हतं तेही तेल जातं. म्हणून सौम्य शाम्पू.

मॉलमधल्या मुलीने लगेच बाटली हातात दिली. "मॅडम, सल्फेट-फ्री आहे." पुढच्या बाजूला जास्वंद, आर्गन तेल, एक धबधबा. मी बाटली उलटली. मागची अक्षरं मुंगीच्या हिशेबाने छापलेली असतात, म्हणून फोनच्या कॅमेऱ्यात मोठी करून वाचली. जे जास्त ते आधी, अशी ती यादी असते. पहिलं पाणी. दुसरं सोडियम सी१४-१६ ओलेफिन सल्फोनेट. हे सल्फेट नाही, मुलगी खोटं बोलत नव्हती. पण तेल ओरबाडून काढण्यात सल्फेटच्या तोडीस तोड! आणि आर्गन तेल? शेवटून दुसरं, सुगंधाच्याही खाली. पुढच्या चित्रात मात्र मानाचं पान त्यालाच.

मला हवी होती ती सौम्य फेसद्रव्यांची नावं वेगळी: डेसिल ग्लुकोसाइड, सोडियम कोकॉइल आयसेथायोनेट, कोकामिडोप्रोपिल बीटेन. ही मी ट्रेनमध्ये पुटपुटत पाठ केली. शेजारणीला वाटलं स्तोत्र म्हणतेय, तिने पाय जवळ घेतले. गंमत म्हणजे यांतलं 'कोक' हे नारळाच्या तेलातूनच आलेलं. फोर्थ सीटवाली अगदीच चुकली नव्हती.

सासूबाईंना हे सगळं थेर वाटतात. "अगं, रिठा-शिकेकाई आण दादरहून. आमचे केस काय गळून पडले?" आणली. रिठ्याला फेस झकास येतो, पण कोरड्या केसांना तो आणखी कोरडं करतो, आणि डोळ्यात गेला तर देव आठवतो. शिकेकाई सौम्य, वादच नाही. पण कितीही वस्त्रगाळ केली तरी वेटोळ्यांत दडून बसते. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये मान हलवली की कीबोर्डवर तपकिरी भुकटी. साहेबांनी हळूच खुर्ची मागे घेतली.

हवेचं तर विचारूच नका. शाम्पूतलं ग्लिसरीन डिसेंबरात ठीक, जुलैत ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि डोकं फुगतं. शिवाय आमच्या सोसायटीत टँकर येतो. पालिकेचं तलावाचं पाणी मऊ. टँकरचं जड पाणी असलं की होता तो फेसही कमी.

अखेर मनासारखी यादी असलेली बाटली मिळाली. अडीचशे मिलीला सातशे रुपये. घरी सगळ्यांना बसवून समजावलं की मळ निघायला फेसाचा डोंगर लागत नाही, कमी फेस म्हणजे कमी स्वच्छ असं नसतं. सासूबाई "बरं" म्हणाल्या, म्हणजे पटलेलं नव्हतं. नवरा मोबाइलमध्ये होता.

रविवारी बाटली उचलली तर हलकी लागली.

"अगं, फेसच येईना," तो म्हणाला, "म्हणून परत परत घेतला." मग टकलाच्या कडेकडेने हात फिरवत समाधानाने, "पण मऊ झालेत हं. हाच आणत जा."