‘थंडीत पेट्रोल जड होतं’ हे खोटं आहे, आणि त्यावरचे उपायही

डिसेंबर आला की जुन्या गाड्या ठेवणाऱ्यांमध्ये एक सल्ला फिरायला लागतो. यंदा तो मला चौघांनी पाठवला. थोडक्यात असा: थंडीत पेट्रोल जड होतं, म्हणून कार्ब्युरेटरची (म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या जुन्या यंत्रणेची) गाडी सुरू होत नाही. चोक पूर्ण ओढा, ॲक्सिलरेटर दहा वेळा दाबा, सुरू झाली की दहा मिनिटं उभ्यानं गरम करा, इंजिनात जाड ऑइल टाका. वाटेत बंद पडली तर पेट्रोलमध्ये पाणी आहे असं समजा.

मी नाशकात बरीच वर्षं १०८९ सीसीची प्रीमियर पद्मिनी चालवतो. असे उपाय करून चांगली इंजिनं खराब झालेली पाहिली आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘पेट्रोल जड होतं.’ थंडीत साकळतं ते डिझेल, कारण त्यात मेण असतं. आपल्याकडच्या थंडीत पेट्रोल होतं तसंच पातळ राहतं. खरी अडचण अशी की पेट्रोल पेटायला त्याची वाफ व्हावी लागते. गार मॅनिफोल्डमध्ये (कार्ब्युरेटरपासून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्यांत) त्यातला हलका भाग तेवढा उडतो, बाकीचं थेंब होऊन भिंतींना चिकटतं. सिलिंडरपर्यंत पुरेशी वाफ पोहोचावी म्हणून चोक ओढून जास्त पेट्रोल द्यायचं, एवढंच त्याचं काम. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलची वाफ व्हायला जास्त उष्णता लागते आणि मिश्रणात हवेच्या मानानं इंधनही थोडं कमी पडतं, त्यामुळे चोक पूर्वीपेक्षा जरा जास्त वेळ लागतो, हे मान्य. पण निफाडला पारा पाच-सहा अंशांवर उतरला तरी नीट ठेवलेली गाडी दुसऱ्या-तिसऱ्या सेल्फला सुरू व्हायलाच हवी. होत नसेल तर दोष आधीचा आहे. थंडीनं तो उघडा पाडला.

‘ॲक्सिलरेटर दहा वेळा दाबा.’ हे बॉनेटखाली कोणता कार्ब्युरेटर आहे त्यावर अवलंबून आहे. मॉरिस मायनरच्या एसयू कार्ब्युरेटरला ॲक्सिलरेटर पंपच (पाय दाबला की पेट्रोलची पिचकारी मारणारा भाग) नसतो, तिथे दहा काय शंभर वेळा दाबलं तरी पेट्रोलचा थेंब येत नाही. सोलेक्सच्या ज्या कार्ब्युरेटरला चोकच्या झडपेऐवजी वेगळा स्टार्टर असतो, तो चालतो इंजिनाच्या ओढीवर, म्हणजे इंजिन हवा आत खेचतं त्या जोरावर. सेल्फ मारताना पाय दिला की थ्रॉटल (ॲक्सिलरेटरनं उघडणारी हवेची झडप) उघडतो, ओढ कमी होते आणि स्टार्टर निकामी होतो. तिथे पाय लांब ठेवायचा. ज्याला पंप आहे त्याला एकदा-दोनदा दाबणं पुरतं. दहा वेळा दाबलंत की प्लग ओले होतात. तसं झालंच तर चोक आत ढकला, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून तसाच धरा आणि सेल्फ मारा. हवा भरपूर जाते, प्लग कोरडे होतात.

या सल्ल्यात बॅटरीचा शब्दही नाही, आणि माझ्या अनुभवात पहाटेच्या निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. गारठ्यात बॅटरीची ताकद घटते आणि घट्ट झालेलं ऑइल सेल्फवर जास्त भार टाकतं. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली गेली तर ठिणगीसाठी वीज देणाऱ्या क्वायलला पुरेसे व्होल्ट मिळत नाहीत आणि ठिणगी फिकी पडते. मग चोक कितीही ओढा. टर्मिनल घासा, इंजिनाची अर्थिंगची पट्टी घट्ट करा, पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले ठिणगीची वेळ साधणारे संपर्क) साफ करून गॅप बसवा. कार्ब्युरेटरला हात त्यानंतर.

‘जाड ऑइल टाका.’ अगदी उलट. ऑइलच्या डब्यावर W च्या आधीचा आकडा थंडीतला असतो, आणि तो लहान तितकं पहाटे इंजिन हलकं फिरतं.

‘दहा मिनिटं उभ्यानं गरम करा.’ सर्वात जास्त नुकसान इथे होतं. चोक ओढून उभी असलेली गाडी हळू तापते, आणि तोवर न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल धुऊन सम्पमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) उतरतं. डिपस्टिक हुंगून बघा, पेट्रोलचा वास येईल. जुन्या डायनॅमोच्या गाड्यांत तर स्लोवर (पाय न देता इंजिन हळू चालू असताना) बॅटरी जवळजवळ चार्जच होत नाही. बंद गॅरेजमध्ये हे करणं जिवावर बेतू शकतं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अर्धा-एक मिनिट थांबा, निघा, हलक्या पायानं चालवा आणि चोक टप्प्याटप्प्यानं आत घ्या.

तरीही पाच-सहा किलोमीटरनंतर चोक आत घेतला की गाडी अडखळत असेल, तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) जागेवर आहे का ते बघा. आपल्याकडे उन्हाळ्यात गाडी तापली की तो काढून फेकण्याची पद्धत आहे. माझ्या गाडीतलाही एका मेकॅनिकनं मला न सांगता काढला होता. दोन हिवाळे मी कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) बदलत बसलो, प्लग काळे पडत राहिले, आणि टेम्परेचरचा काटा कधी मध्यापर्यंत चढलाच नाही. थर्मोस्टॅट नसला की पाणी सुरुवातीपासूनच रेडिएटरमध्ये फिरतं. इंजिन ८० अंशांकडे पोहोचतच नाही आणि पेट्रोलची नीट वाफ होत नाही. नवा थर्मोस्टॅट बसवला, दुसऱ्या दिवशी पहिल्या दोन किलोमीटरांत चोक आत गेला.

‘वाटेत बंद पडली म्हणजे पेट्रोलमध्ये पाणी.’ कधी असतंही. पण महाबळेश्वर किंवा आंबोलीच्या धुक्यात दुसरी शक्यता जास्त असते. पेट्रोलची वाफ होताना कार्ब्युरेटरचा गळा बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी गार होतो. त्यामुळे बाहेर आठ-दहा अंश असतानाही दमट हवेतलं पाणी आत बर्फ होऊन थ्रॉटलपाशी बसतं. गाडी दम टाकते आणि स्लोवर बंद पडते. पाच-दहा मिनिटं थांबलात की इंजिनाच्या उष्णतेनं बर्फ वितळतो आणि ती काही न करता सुरू होते. पाणी टाकीतलं असतं तर नुसतं थांबून ते गेलं नसतं. अनेक जुन्या गाड्यांच्या एअर फिल्टरच्या नळीला उन्हाळा आणि हिवाळा अशा दोन जागा असतात. हिवाळ्यात ती एक्झॉस्टच्या बाजूला वळवायची, म्हणजे ऊबदार हवा आत जाते. बहुतेकांची नळी वर्षानुवर्षं एकाच जागी गंजून बसलेली असते; थोडं तेल सोडून हळू फिरवली तर सुटते.