परदेशातून : खोलीची जबाबदारी कोणाची?

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बार्शीहून ताईचा फोन आला, तेव्हा भाच्याला पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळून चार दिवस झाले होते आणि वसतिगृहाच्या पहिल्या यादीत त्याचे नाव नव्हते. वर्गातली दोन मुले बाहेर फ्लॅट घेणार होती, त्यांना तिसरा जोडीदार हवा होता आणि दलालाला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होकार हवा होता. ताई म्हणाली, "तू पुण्यात हॉस्टेलवर राहिलीस, तिकडे जाऊन भाड्यानं राहिलीस. आता तूच सांग, याला यादीसाठी थांबवू की खोली घेऊन मोकळं होऊ?" मी तिला दुसऱ्या यादीपर्यंत थांबायला सांगितले. पण फोन ठेवल्यावर एक गोष्ट मला खुपत राहिली. मुलाने वर्षभर कुठे राहायचे हा प्रश्न आपल्याकडे आईवडील आणि मुलगा मिळून एका रात्रीत सोडवतात आणि ज्या संस्थेत तो शिकणार आहे, ती संस्था त्या बोलण्यात कुठेही नसते.

मी चोवीस वर्षांपासून अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, अर्बाना या गावी राहते. अर्बाना आणि शॅम्पेन ही जोडगावे असून दोन्हींच्या मधोमध इलिनॉय विद्यापीठाचे आवार पसरलेले आहे. या विद्यापीठाचा नियम असा आहे की, पदवीच्या ज्या विद्यार्थ्याची ३० क्रेडिट पूर्ण झालेली नाहीत, म्हणजे साधारणपणे जो पहिल्या वर्षाला आहे, त्याने एकतर विद्यापीठाच्या वसतिगृहात राहावे, नाहीतर विद्यापीठाने प्रमाणित केलेल्या खासगी निवासात राहावे. या दुसऱ्या प्रकारात चर्चशी संलग्न वसतिगृहे येतात, मुलींनी मिळून स्वयंपाक आणि साफसफाई सांभाळायची अशी सहकारी घरे येतात, आणि फ्रॅटर्निटी-सोरॉरिटी म्हणजे मुलांच्या आणि मुलींच्या विद्यार्थी-मंडळांची घरेही येतात. इमारत दुसऱ्याची असते, भाडेही दुसराच घेतो, परंतु ती जागा राहण्याजोगी आणि सुरक्षित आहे याची खातरजमा विद्यापीठ करते. दुसऱ्या वर्षापासून विद्यार्थी मोकळा असतो आणि बहुसंख्य विद्यार्थी बाहेरच पडतात, कारण आवारातले राहणे स्वस्त मुळीच नाही. जेवणासह वर्षाचा खर्च बारा हजार डॉलरच्या वर जातो आणि नाताळच्या सुट्टीत बहुतेक वसतिगृहे बंद होतात.

मी स्वतः पदव्युत्तर शिक्षणासाठी आले असल्यामुळे हा नियम मला लागू नव्हता. पुण्याहून निघण्यापूर्वीच ईमेलवर ठरवून आम्ही चौघींनी दोन बेडरूमचे एक अपार्टमेंट घेतले होते. दोघी हैदराबादच्या होत्या, एक नागपूरची होती आणि मी. माणशी अडीचशे डॉलर भाडे, स्वतःचे स्वयंपाकघर आणि दारासमोर बसथांबा, यापलीकडे आम्ही काही पाहिले नाही. बारा पानी करारावर पहिल्याच संध्याकाळी, प्रवासाची झोप डोळ्यांवर असताना, चौघींनी सह्या केल्या. जानेवारीत नागपूरची मैत्रीण दुसऱ्या विद्यापीठात निघून गेली आणि फेब्रुवारीच्या तीन तारखेला घरमालकाचे पत्र आले की, तिचा हिस्सा तुम्ही तिघींनी भरावा. आम्हाला तो सरळ अन्याय वाटला. एकीने भाडे बुडवले तर मालकाने तिच्याकडे मागावे, आमच्याकडे का, असे आम्ही तावातावाने बोलत राहिलो.

वर्गातल्या एका मुलाच्या सांगण्यावरून मी विद्यापीठाच्या भाडेकरू साहाय्य कार्यालयात गेले. त्या लहानशा खोलीत बसलेल्या बाईंनी माझा करार हातात घेतला, एकेक पान शांतपणे वाचले आणि सातव्या पानावरच्या एका ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली. त्या ओळीचा अर्थ असा होता की, चौघीजणी मिळून आणि प्रत्येकजण स्वतंत्रपणे पूर्ण भाड्याला बांधलेली आहे. म्हणजे मालकाने मनात आणले असते तर त्याला सगळे भाडे माझ्या एकटीकडून मागता आले असते. त्यांनी मला खोटी आशा दाखवली नाही. रिकाम्या जागेसाठी पोटभाडेकरू कसा शोधायचा, मालकाची लेखी संमती कशी मागायची आणि मे महिन्यापर्यंत आमच्यावर किती बोजा येऊ शकतो, हे त्यांनी कागदावर मांडून दिले. निघताना म्हणाल्या की, पुढच्या वेळी सही करण्यापूर्वी या, वाचून देण्याचे आम्ही पैसे घेत नाही. तीन आठवड्यांत आम्हाला चौथी मुलगी मिळाली. पुढे अपार्टमेंट सोडताना मालकाने गालिचा धुण्यासाठी आणि भिंतीवरच्या खिळ्यांसाठी आमची बरीचशी अनामत कापून घेतली, तेव्हा त्याच कार्यालयाने आम्हाला राज्याचा कायदा दाखवला. पाच किंवा त्याहून अधिक सदनिकांच्या इमारतीच्या मालकाने कापलेल्या रकमेचा तपशील ३० दिवसांत द्यायचा असतो आणि तसे न केल्यास अनामत ४५ दिवसांत परत करावी लागते. तपशील आलेला नव्हता. आम्ही पत्र लिहिले आणि पैसे परत आले.

हा प्रसंग मी एवढा लांबवून सांगितला, कारण माझे सारे म्हणणे त्या पेन्सिलीच्या रेघेत आहे. मी आवाराबाहेर राहत होते, खासगी मालकाच्या घरात होते, तरीही माझ्या राहण्याशी आपला संबंध आहे असे विद्यापीठ मानत होते. रात्री उशिरा प्रयोगशाळेतून निघाले तर घरापर्यंत पोहोचवणारी बससेवेची गाडी होती आणि विद्यापीठाच्या ओळखपत्रावर शहरभर बसने फिरता येत असे. आत आणि बाहेर यांच्यामध्ये आपल्याकडे जी भिंत आहे, ती इथे इतकी उंच नाही.

पुण्यातले माझे वसतिगृह मी विसरलेले नाही. लोखंडी कॉट, तिच्याखाली ट्रंक, रविवारी दुपारी मेसमध्ये फीस्ट आणि म्हणून रात्री मेस बंद, मग चौघींत मिळून भेळ किंवा मॅगी. संध्याकाळी साडेसातला हजेरी असायची आणि ग्रंथालय रात्री दहापर्यंत उघडे असायचे, त्यामुळे शेवटचे अडीच तास ते फक्त मुलांचे असायचे. याचा राग मला तेव्हाही होता आणि आजही आहे. ज्यांना वसतिगृह मिळत नसे, त्या मैत्रिणी कोणाच्या तरी खोलीत जमिनीवर गादी टाकून राहत आणि त्यांना सगळीकडे 'पॅरासाइट' म्हटले जाई. शिकायला आलेल्या मुलीला हा शब्द आम्ही सहज वापरत होतो, याची मला लाज वाटते. पण त्या वसतिगृहाने मला जे दिले, तेही मोठे होते. पहिल्या सत्रात इंग्रजीतून गणित समजेना, तेव्हा शेजारच्या खोलीतली तिसऱ्या वर्षाची मुलगी रात्री अकरानंतर मला शिकवायला बसत असे. बाहेर दोन अनोळखी मुलींसोबत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका कॉटपुरते भाडे देऊन, राहिले असते, तर तिची आणि माझी गाठ पडली नसती.

महाराष्ट्रात सध्या जो वाद आहे, तो या दोन अनुभवांच्या मधोमध उभा आहे. सरकारने वसतिगृहे बांधावीत की विद्यार्थ्याच्या खात्यात पैसे टाकून त्याला बाहेर राहू द्यावे? शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. स्वाधारमध्ये पुणे-मुंबईसारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले. त्यांतले ३२,००० जेवणाचे, २०,००० राहण्याचे आणि ८,००० निर्वाहाचे. रोख रकमेच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे मी हलके लेखत नाही. इमारत उभी राहायला वर्षे जातात आणि मुलगा यंदाच शिकायला आला आहे, हे खरेच आहे. परंतु २०,००० रुपये दहा महिन्यांत वाटले तर महिन्याला २,००० होतात आणि त्या पैशांत सदाशिव पेठेत कॉट मिळत नाही, हे तिथे राहिलेला कोणीही सांगेल. त्यातही हप्ता वेळेवर येत नाही, ही विद्यार्थ्यांची नेहमीची तक्रार आहे. घरमालकाला मात्र अनामत आणि पहिले भाडे पहिल्याच दिवशी हवे असते. जुलै २०१८ मध्ये आदिवासी वसतिगृहांतले विद्यार्थी मेस बंद करून जेवणाचे पैसे खात्यात देण्याच्या निर्णयाविरुद्ध पुण्याहून नाशिकला पायी निघाले होते. ज्या तरुणांना हातात पैसे मिळणार होते, तेच 'आम्हाला शिजवलेले जेवण द्या' म्हणून रस्त्यावर चालले, यातून त्यांचे रोजचे जगणे कसे होते ते कळते.

आणि बाहेरची खोली सर्वांना सारखी मिळत नाही. माझे आडनाव ऐकून पुण्यातल्या कोणत्याही घरमालकिणीचा चेहरा बदलला नाही, म्हणून पुष्कळ वर्षे मला हा प्रश्न दिसलाच नव्हता. राजर्षी शाहू महाराजांना तो दिसला होता. कोल्हापुरात शिकायला येणाऱ्या खेड्यातल्या मुलाला शहरात कोणी आसरा देत नाही, हे ओळखून त्यांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून सुरुवात केली आणि जातीजातींच्या वसतिगृहांना जागा आणि पैसा दिला. १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. शाळा सर्वांना खुली केली तरी रात्री झोपायला छप्पर नसेल तर ती खुली राहत नाही, ही जाण तिथे होती. इलिनॉयमध्येही १९४५ पर्यंत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना विद्यापीठाच्या वसतिगृहात जागा नव्हती; ते गावाच्या उत्तर भागातल्या कृष्णवर्णीय कुटुंबांच्या घरी राहून शिकत. आज अर्बाना शहराच्या नियमानुसार जागा भाड्याने देताना वंश किंवा धर्म पाहता येत नाही, तसेच माणूस विद्यार्थी आहे किंवा त्याचे उत्पन्न अमुक ठिकाणाहून येते एवढ्यावरूनही नकार देता येत नाही. नियम आहे म्हणून सगळे घरमालक सुधारले असे मी म्हणणार नाही, पण तक्रार घेऊन जायला एक दार आहे.

म्हणून पहिले वर्ष आवारात, या मताची मी झाले आहे. पुढे ज्याला बाहेर राहायचे असेल त्याने खुशाल राहावे. स्वतःचे वीजबिल भरणे आणि भाजी-पोळी करणे हेही शिक्षणच आहे. जिथे वसतिगृह अपुरे आहे, तिथे महाविद्यालयाने दोन किलोमीटरच्या परिसरातली घरे पाहून, खोलीत किती कॉट आहेत, जिना आणि वायरिंग कसे आहे, मुलगी रात्री दहाला परतली तर फाटक उघडते का, हे तपासून यादी करावी आणि जो मालक आडनाव विचारून नकार देतो त्याला त्या यादीतून काढावे. समाजकल्याण विभागाने भत्त्याचा पहिला हप्ता सत्र सुरू होण्यापूर्वी द्यावा आणि राहण्याचा आकडा त्या त्या भागातल्या प्रत्यक्ष भाड्याशी जोडावा. यासाठी नवा कायदाही लागत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकावर असते आणि तसा करार नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. कॉट बेसिसवर राहणाऱ्या किती मुलांना हे कोणी सांगितले आहे? प्रत्येक महाविद्यालयात एक टेबल आणि करार वाचून देणारा एक माणूस बसवायला फार खर्च येणार नाही.

वसतिगृहांची अवस्था वाईट आहे, तिथे मुलींना कोंडून ठेवतात, मग आत राहण्याचा आग्रह कशाला, असे मला माझ्याच मैत्रिणी विचारतात. अवस्था वाईट असेल तर ती सुधारायला लावता येते, कारण तिथे जबाबदार कोण ते ठाऊक असते. साडेसातच्या हजेरीविरुद्ध आम्ही निवेदन दिले होते, ते रेक्टरना दिले होते. आमच्यानंतर दोन वर्षांनी ती वेळ साडेनऊ झाली.

दुसऱ्या यादीत भाच्याचे नाव लागले. तिघांच्या खोलीत दाराजवळची कॉट मिळाली आहे, मेस बरी आहे असे तो म्हणतो. वैरागजवळच्या गावातला त्याचा शाळेपासूनचा मित्र त्याच महाविद्यालयात आहे. त्याचे नाव कोणत्याच यादीत आले नाही. स्वाधारसाठी त्याने अर्ज केला आहे आणि तीन घरमालकांनी आडनाव विचारल्यानंतर खोली आधीच गेली असे सांगितले आहे. परवा रात्री व्हिडिओ कॉलवर मला भाच्याच्या कॉटशेजारी जमिनीवर घातलेली गादी दिसली. मी विचारले तेव्हा तो आवाज खाली करून म्हणाला, "मावशी, रेक्टर सर बुधवारी खोल्या तपासतात. तेवढ्या रात्री तो स्टेशनवर जातो."