'ते' सापडत नाहीत

उबुंटूवर, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या लिनक्सच्या एका प्रकारावर, मराठी लिहिणं अवघड नाही. आत्ता आपण मराठीत आहोत की इंग्रजीत, एवढंच लक्षात ठेवायचं असतं, आणि नेमकं तेच मला जमत नाही. कीबोर्ड मराठीत असताना टर्मिनल, म्हणजे हुकूम टंकायची खिडकी, उघडायचं, फायलींची यादी मागायला भाबडेपणाने 'एलएस' दाबायचं. इनस्क्रिप्ट या मराठी कळमांडणीत 'एल'वर त आणि 'एस'वर एकाराची मात्रा, त्यामुळे उमटतं 'ते'. खाली उत्तर: 'ते: कमांड नॉट फाउंड'. जुन्या वळणाच्या बायका नवऱ्याचं नाव न घेता सांगत ना, 'ते' घरात नाहीत, अगदी तसंच.

तयारी मात्र पाच मिनिटांची. टर्मिनलमध्ये 'सुडो ऍप्ट इन्स्टॉल आयबस-एम१७एन' हा हुकूम द्यायचा (रोमनमध्ये, हे वेगळं सांगायला नको); त्याने भारतीय भाषांच्या कळमांडण्या येतात. मग लॉग आउट करून परत यायचं. ही पायरी गाळली की सेटिंग्जच्या यादीत नवी मराठी मांडणी दिसत नाही आणि आपण पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करत बसतो. त्यानंतर सेटिंग्ज, कीबोर्ड, इनपुट सोर्सेस, आणि मराठीखालचं इनस्क्रिप्ट-२. हौसेने फोनेटिक, आयट्रान्स अशा रोमन उच्चारांवरून टंकायच्या मांडण्या गोळा करू नका. इंग्रजी आणि मराठी दोनच ठेवा, म्हणजे सुपर आणि स्पेस एकत्र दाबलं की अदलाबदल दोघांतच होते. सुपर म्हणजे ती खिडकीचं चित्र असलेली कळ. चित्राकडे लक्ष देऊ नये.

खरी परीक्षा 'ऱ्य'ची. र, मग पाय मोडायला 'डी', मग तिरप्या रेघेच्या कळीवरचा य, असं टंकलं की रफार चढून 'र्य' होतो. लग्नाच्या यादीत 'आचाऱ्यांना वीस किलो बटाटे' लिहायचे असताना 'आचार्यांना' पडलं, तर पूज्य गुरुजन विळी शोधू लागतात. उपाय: शिफ्ट दाबून 'जे'. तिथे नुक्त्याचा ऱ आहे. पुढे 'डी' आणि य तसेच. ळ शिफ्टसह 'एन'वर. विंडोजवर इनस्क्रिप्ट शिकलेली बोटं इथेही तशीच चालतात, म्हणून फोनेटिकवाल्यांशी मी वाद घालत नाही. फक्त कीव करतो.

लिबरऑफिस रायटर, म्हणजे उबुंटूवरचा वर्डसारखा लेखनाचा प्रोग्रॅम, हा एकत्र कुटुंबातला वेगळा संसार. तो रोमन आणि देवनागरीचे फाँट, आकार, भाषा, सगळं वेगवेगळं ठेवतो. टूल्स, ऑप्शन्समधल्या भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'ला (सीटीएल, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्या) खूण करून मराठी निवडा. मग एफ११ दाबून डिफॉल्ट पॅराग्राफ स्टाइलमध्ये शिरा आणि खालच्या, म्हणजे सीटीएलच्या, रकान्यात फाँट बदला. वरच्या रकान्यात कितीही आकडे वाढवले तरी मराठी ढिम्म हलत नाही. भाषा मराठी ठेवलीत तर नोटो सॅन्स देवनागरी हा फाँट ल आणि श आपल्या वळणाचे देतो. हिंदी ठेवलीत तर तिकडचे. पत्रिका छापून आल्यावर काकांनाच हे आधी दिसतं.

आणि खोडताना सांभाळा. 'ऱ्यां'मध्ये पाच चिन्हं असतात: ऱ, हलन्त, य, काना, अनुस्वार. मागून बॅकस्पेस मारला तर ती एकेक करून जातात, पुढून डिलीट मारला तर अख्खं अक्षर एका घासात. आचाऱ्यांचे मग 'आचाना' उरतात, बटाटे वीस किलोच.